अंगणात उघडलेले इंजिन : खानदेशातील मोटारदुरुस्तीचा एक धागा

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि ‘व्हिंटेज’ गाडीला कायद्यात स्वतंत्र जागा मिळाली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटून गेलेली, खाजगी मालकीची दुचाकी किंवा चारचाकी आता या नावाखाली नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, आणि नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही दोन अक्षरे. अशी गाडी रोजच्या वापरात आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यायची. इथवर तक्रारीला जागा नाही. पण व्याख्येला एक अट जोडलेली आहे. गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि तिचा मोठा, मूलगामी ओव्हरहॉल झालेला नसावा. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत केलेला बदल त्यात मोडतो.

धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतल्या जुन्या गाड्यांची माहिती मी गेली काही वर्षे जमवतो आहे. ही अट वाचली तेव्हा माझ्या वहीतल्या गाड्या एकेक करून डोळ्यांपुढे आल्या. जिचे इंजिन कधीच उतरवले गेले नाही अशी त्यांत एकही नव्हती. खानदेशात गाडी पन्नास वर्षे जगते ती ओव्हरहॉलमुळे. ज्या गाड्यांची इंजिने कुणी उघडली नाहीत त्या केव्हाच भंगारात गेल्या. बदल आणि दुरुस्ती यांतला फरक नियम लिहिणाऱ्यांना ठाऊक असणारच, तरी तो कागदावर पुरेसा उतरलेला नाही. म्हणून या लेखात मला एवढेच तपासायचे आहे की, इंजिन घरच्या घरी उघडून पुन्हा बांधण्याची ही विद्या खानदेशात आली कोठून, आणि ती गाडीच्या ‘अस्सलपणा’बद्दल काय सांगते.

मोटारीबरोबर मेकॅनिक आला, असे आपण धरून चालतो. मुंबईपुरते ते खरे असेल. एजन्सी होती, एजन्सीचे वर्कशॉप होते, कंपनीचे छापील मॅन्युअल होते. खानदेशात क्रम उलटा आहे. इथे फिटर आधी होता, गाडी नंतर आली. त्याचे कारण कापूस.

अमेरिकेतल्या यादवी युद्धाने (१८६१ ते १८६५) लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव चढले. त्याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे जळगाव-भुसावळपर्यंत पोचली. भुसावळला इंजिनांचे मोठे ठाणे झाले. जळगाव हे गाव कापसाच्या पेठेमुळे वाढत गेले. आधी ते काही जिल्ह्याचे ठिकाण नव्हते. सगळ्या खानदेशचा कारभार धुळ्याहून चाले. १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले तेव्हा पूर्वेचे मुख्य ठाणे जळगाव ठरले. जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने जळगाव, धुळे, अमळनेर अशा गावांत उभे राहिले. प्रत्येक जिनात एक वाफेचे इंजिन (पुढे ऑइल इंजिन), त्यावरून छताखाली गेलेला लांबलचक शाफ्ट, त्यावर पट्टे आणि पट्ट्यांवर फिरणारे जिन. तो शाफ्ट जागोजागी बेअरिंगमध्ये फिरे, आणि त्या बेअरिंगच्या आत ओतलेला असे व्हाइट मेटल. मिस्त्री लोकांच्या तोंडी ‘वाइट मेटल’.

या धातूपाशी थोडे थांबायला हवे, कारण माझ्या मते खानदेशातल्या मोटारदुरुस्तीची मुळी इथे आहे. व्हाइट मेटल म्हणजे मुख्यतः कथील, त्यात थोडे अँटिमनी आणि थोडे तांबे. १८३९ मध्ये आयझॅक बॅबिट नावाच्या अमेरिकन माणसाने हे मिश्रण काढले. धातू मऊ असतो. तेल कमी पडले किंवा कचरा गेला तर तो स्वतः झिजतो, वितळतो, पण पोलादी शाफ्टला धक्का लागू देत नाही. शाफ्ट महाग, व्हाइट मेटल स्वस्त. म्हणून झीज स्वस्ताच्या वाट्याला लावायची. झिजले की जुने वितळवून काढायचे आणि नवे ओतायचे.

ओतण्याआधी बेअरिंगच्या आतल्या पृष्ठभागाला कथलाचा पातळ थर चढवावा लागतो, नाहीतर नवा धातू धरत नाही. हा थर नवसागर लावून चढवतात. नवसागर आणि कथील म्हटल्यावर कुठल्याही मराठी वाचकाला आठवेल ती कल्हई. ही क्रिया कल्हईच आहे, फक्त पातेल्याच्या जागी बेअरिंग. मग भट्टीवर धातू वितळवायचा. तापमान मोजायला यंत्र नसते. लाकडाची काडी त्यात बुडवायची, ती करपली की ओतायची वेळ झाली. ओतून गार झाल्यावर खरे काम सुरू होते. शाफ्टला निळा रंग पुसायचा (तो नसेल तर काजळी तेलात कालवूनही भागते), बेअरिंग त्यावर फिरवायचे, जिथे रंग लागला तिथला उंचवटा तिधारी स्क्रेपरने खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा खरवडणे. सगळीकडे सारखा रंग लागेपर्यंत. एका बेअरिंगला दिवस जातो. हे हाताचे ज्ञान आहे; वाचून येत नाही.

कापसाचा हंगाम दसरा-दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. पुढचे महिने जिन बंद. त्या काळात यंत्रे उघडायची, बेअरिंग ओतायची, पट्टे बदलायचे. ‘ओव्हरहॉल’ हा शब्द खानदेशातल्या फिटरला मोटारीने शिकवला नाही, जिनाच्या बंद हंगामाने शिकवला. आणि याच महिन्यांत त्याच्या हाताला बाहेरचे काम घ्यायला सवड असे.

आता मोटारीकडे येऊ. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना काढला. फोर्डनेही त्याच दशकात हिंदुस्थानात कंपनी स्थापून मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याला गाड्या जोडल्या. शेवरोले आणि फोर्ड विलायती गाड्यांपेक्षा स्वस्त, उंच, खडबडीत रस्त्याला सोसणाऱ्या होत्या. मुंबई-आग्रा रस्ता मालेगावहून धुळ्यात शिरतो आणि सोनगीर, नरडाणा, शिरपूर करत सातपुडा चढतो. या रस्त्यावर आणि धुळ्याहून पारोळा-एरंडोलमार्गे जळगावला जाणाऱ्या रस्त्यावर खाजगी ‘सर्व्हिस मोटारी’ धावू लागल्या. एसटी १९४८ साली आली. त्याआधीची वाहतूक याच मोटारींची.

शेवरोलेचे १९२९ नंतरचे सहा सिलिंडरचे इंजिन घ्या. त्याच्या कनेक्टिंग रॉडचे मोठे तोंड, ज्याला ‘बिग एंड’ म्हणतात, त्यात व्हाइट मेटल थेट ओतलेले असे. तेल दाबाने येत नसे. रॉडच्या टोकाला पळी असे, ती तेलात बुडून तेल उडवी. बेअरिंग सैल झाले की दोन अर्ध्यांमधली एक पातळ पत्री काढायची आणि पुन्हा आवळायचे. सगळ्या पत्र्या संपल्या की नवे ओतायचे. एकोणीसशे त्रेपन्नपर्यंत शेवरोलेने ही पद्धत काही इंजिनांत सोडली नाही. म्हणजे मुंबईत जोडलेली अमेरिकन गाडी जळगावच्या जिनाच्या दारात आली, तिचे इंजिन ठोके देऊ लागले, आणि फिटरने ते उघडले, तेव्हा त्याला आत काय दिसले असेल? ओळखीचा धातू, ओळखीच्या पत्र्या, ओळखीची झीज. फक्त आकार लहान. व्हिटवर्थऐवजी अमेरिकन आट्यांचे बोल्ट असल्यामुळे पाने तेवढे वेगळे लागले असतील. बाकी मॅन्युअल नसले तरी अडण्यासारखे काही नव्हते.

दुसरे उदाहरण तांब्याचे. तांब्याचा वॉशर किंवा पॅकिंग एकदा दाबले गेले की कडक होते आणि पुन्हा वापरल्यास गळते. ते लालबुंद करून थंड केले की पुन्हा मऊ होते. आग्रा रस्त्यावरचे सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तांब्याची ही खोड तिथल्या तांबटाला मोटार जन्मण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक. मोटारदुरुस्ती ही परदेशी विद्या म्हणून आपण तिच्याकडे पाहतो तेव्हा तांबट, कल्हईवाला आणि जिनचा फिटर हे तिघे नजरेआड होतात.

दुसऱ्या महायुद्धाने या विद्येला कसाला लावले. पेट्रोलवर रेशनिंग आले आणि देशभर मोटारींच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवून त्या गॅसवर चालवाव्या लागल्या. जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘कोळशाची मोटार’ अजून सापडते. त्या गॅसबरोबर राख आणि डांबर इंजिनात जाई, गाळणी कितीही चांगली असली तरी. सिलिंडर भराभर झिजत. नवे सुटे भाग मिळण्याची शक्यता नव्हती. युद्ध संपल्यावर लष्कराच्या जीपा आणि ट्रक लिलावात निघाले, आणि त्याही गाड्या अर्ध्या आयुष्याच्याच होत्या. म्हणजे सर्वांत जास्त झिजलेली इंजिने आणि सर्वांत कमी सुटे भाग, अशी ही दहा वर्षे.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले, तेही पुन्हा ओव्हरहॉलच्या बाजूने. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरवले की, नुसती जोडणी करणाऱ्या कंपन्यांना इथे जागा नाही. गाडी टप्प्याटप्प्याने देशात बनवायची असेल त्यांनीच राहावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड १९५४ च्या सुमारास बाहेर पडल्या. त्यांच्या हजारो गाड्या मात्र रस्त्यावर राहिल्या, आता कायमच्या अनाथ. मागे उरल्या त्यांत कलकत्त्याजवळची हिंदुस्थान मोटर्स आणि वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेली, कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स या प्रमुख. प्रीमियरने १९५४ मध्ये फियाट ११०० आणली. गोल पाठीची, पुढे नाक काढलेली ही गाडी मराठी माणसाने ‘डुक्कर फियाट’ करून टाकली, आणि हे नाव तिरस्काराने कोणी घेतले असे मला वाटत नाही. हिंदुस्थान मोटर्सची लँडमास्टर तेव्हाचीच. तिच्या मागोमाग अँबॅसडर.

नवी गाडी नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. हे सर्वांना माहीत आहे. त्याचा एक परिणाम कमी बोलला जातो : गाडी बदलणे शक्य नसल्यामुळे इंजिन नवे करणे हाच गाडी नवी करण्याचा मार्ग राहिला. गॅरेजात गाडी महिनाभर अडकवून ठेवणे मालकाला परवडत नसे, आणि तालुक्याच्या गावी गॅरेजला तेवढी जागाही नसे. म्हणून मिस्त्री घरी येई.

घर हे वर्कशॉप कसे होई, हे पाहण्यासारखे आहे. धाब्याच्या घरातली सागवानी तुळई किंवा अंगणातल्या कडुनिंबाची जाड फांदी, तिला चेनपुली. इंजिन वर उचलले की गाडी मागे ढकलायची. खाली जुनी गोणपाटे. परातीत नटबोल्ट. रॉकेलने भरलेल्या घमेल्यात भाग धुवायचे, आणि रॉकेल रेशनचे, त्यामुळे त्यावरून घरात बोलणी बसायची. नवा अॅल्युमिनियमचा पिस्टन रॉडला जोडताना त्यातून पिन (मिस्त्रींची ‘गजन पिन’) सरकवावी लागते. ती थंड पिस्टनमध्ये जात नाही. पिस्टन उकळत्या पाण्यात ठेवला की छिद्र किंचित फुगते आणि पिन अंगठ्याने आत जाते. हे पाणी स्वयंपाकघरातच तापे. शिरपूर तालुक्यातल्या एका आजीबाईंनी मला सांगितले, “तीन पातेली माझी त्यांनी बाटवली. चौथं दिलं नाही.” इंजिनाच्या इतिहासात या पातेल्यांची नोंद असावी, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

एक काम मात्र घरी होत नसे. झिजलेला सिलिंडर पुन्हा गोल आणि किंचित मोठा करायचा, म्हणजे बोअर करायचा, तर त्याला यंत्र लागे. ब्लॉक गोणपाटात बांधून ट्रकवर किंवा एसटीच्या टपावर चढवून धुळे, जळगाव, कधी नाशिकला जाई आणि आठवड्याने परत येई. क्रँकशाफ्टचे ग्राइंडिंगही असेच. बाकी सगळे अंगणात.

आता एका विशिष्ट इंजिनाबद्दल लिहितो. धुळ्यातल्या एका कुटुंबाकडे डुक्कर फियाट आहे, पन्नाशीच्या दशकातली. घराण्याचे नाव देत नाही, तशी त्यांची इच्छा आहे. ती गाडी निळा धूर मारू लागली होती आणि तेल खात होती. मिस्त्री सत्तरीचे, पूर्वी एसटीच्या कार्यशाळेत होते, निवृत्तीनंतर एवढीच कामे घेतात. इंजिन उतरवायचे ठरले तेव्हा मी परवानगी काढून रोज जाऊन बसलो. घरच्यांचे म्हणणे असे की, या गाडीच्या इंजिनाचे काम आजवर एकदाच झाले आहे, आजोबांच्या हयातीत.

फियाट ११०० चे इंजिन १०८९ सीसीचे. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. हेड काढले. पिस्टनच्या माथ्यावरचा कार्बन मिस्त्रींनी अॅल्युमिनियमला ओरखडा न पडेल अशा बेताने लाकडी पट्टीने काढला, आणि खालून आकडा निघाला : ०.४. म्हणजे हा पिस्टन मूळ मापाचा नाही, ०.४ मिलिमीटरने मोठा आहे. कारखान्याने दिलेला ६८ चा सिलिंडर कधीतरी ६८.४ करण्यात आला. फियाटचे पिस्टन ०.२, ०.४, ०.६ अशा पायऱ्यांनी वाढत जातात. अमेरिकन आणि इंग्रजी गाड्यांचे इंचाच्या हजारांशांत, ०२०, ०३०, ०४०. कागदपत्रांच्या अभ्यासकाला पोथीच्या शेवटी लेखनकाल सापडावा तसा हा आकडा असतो. वि. का. राजवाडे ज्या धुळ्यात शेवटपर्यंत कागद गोळा करत राहिले, त्याच गावात बसून मी पिस्टनचा माथा वाचत होतो, हे तेव्हा मनात आलेच. दप्तरे देशमुख-देशपांड्यांची असतात. मिस्त्रीचे दप्तर म्हणजे इंजिनाचा ब्लॉक.

पुढे वाचत गेलो. तिसऱ्या सिलिंडरच्या वरच्या कडेला बारीक गोल रेघ होती. तिथे स्लीव्ह ठोकलेली होती, म्हणजे मूळ भिंतीच्या आत ओतीव लोखंडाचे नवे नळकांडे बसवलेले. बाकी तिघांत नाही. एकट्या तिसऱ्यालाच स्लीव्ह घालावी लागते ती झिजेमुळे नव्हे. तिथे काहीतरी तुटले असणार, रिंग किंवा पिनेची कडी, आणि तिने भिंतीला खोल चर पाडला असणार. रॉडच्या टोप्यांवर खुणा दोन तऱ्हांच्या : एक पंचने मारलेले ठिपके, दुसऱ्या कानशीने पाडलेल्या खाचा. दोन मिस्त्री, दोन हात, दोन वेळा. चेंबर (तेलाचे खालचे भांडे, मराठी-हिंदी मिस्त्रींच्या भाषेत हेच नाव) काढल्यावर बेअरिंगच्या शेलची पाठ पाहिली. क्रँकच्या मधल्या आधारांवर ०१०, बिग एंडवर ०२०. क्रँकशाफ्टही घासून बारीक केलेला, आणि तोही दोन ठिकाणी दोन मापांनी.

तेव्हा ‘एकदाच’ ही घराची आठवण, आणि किमान दोनदा ही इंजिनाची साक्ष. मी दोन्ही वहीत लिहिल्या. घरातले काका त्या रात्री विचार करत बसले असावेत, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून सांगितले की, नाशिकहून येताना चांदवडच्या अलीकडे, राहुड घाटात गाडी बंद पडल्याचे आणि ट्रकमागे दोर बांधून आणल्याचे त्यांना अंधुक आठवते. ते तेव्हा शाळेत होते. तिसऱ्या सिलिंडरची स्लीव्ह त्या घाटातली की आणखी कुठली, हे काही इंजिन सांगत नाही. पण प्रश्न विचारल्यावर आठवण निघाली, आणि प्रश्न इंजिनाने विचारला होता.

झीज किती, हे मोजण्याची मिस्त्रींची रीत पुस्तकी यंत्राशिवायची आहे आणि अचूक आहे. पिस्टनची एक रिंग सुटी सिलिंडरमध्ये टाकायची. रिंगला एका जागी फट असते. सिलिंडरच्या तळाशी, जिथे झीज जवळजवळ नसते, तिथे ही फट फीलर गेजने मोजायची. मग वरच्या बाजूला, जिथे स्फोटाची उष्णता आणि दाब सर्वांत जास्त आणि तेल सर्वांत कमी, तिथे पुन्हा मोजायची. तळाशी ०.४५ मिलिमीटर भरली, वर ०.८१. फरक ०.३६. त्याला ३.१४ ने भागले की व्यासातली झीज निघते, कारण फट परिघावर वाढते आणि आपल्याला हवा असतो व्यास. मिस्त्री तोंडी तीनने भागतात. उत्तर सुमारे ०.११ मिलिमीटर. दोन केसांच्या जाडीएवढी ही झीज, आणि तेवढ्यावर गाडी धूर मारते.

“इंजिनमा जीव शे,” मिस्त्री म्हणाले. ते काम करताना अहिराणीवर येतात.

निर्णय झाला ०.६ चा. ब्लॉक बोअरिंगला गेला. परत आल्यावर चारही सिलिंडर ६८.६ मिलिमीटरचे. हिशेब केला तर इंजिन आता १०८९ सीसीचे राहिलेले नाही, सुमारे ११०९ सीसीचे झाले आहे. नोंदणीच्या पुस्तकात मात्र १०८९ च आहे आणि राहणार. हा ‘बदल’ आहे काय? नियमाचा शब्द ताणला तर आहे. पण फियाटने ०.६ चा पिस्टन स्वतःच ठरवून दिला होता. गाडी जन्मली तेव्हाच तिच्या पुढच्या बोअरची मापे कागदावर होती. कारखान्याने या गाडीचे जे ‘मूळ स्वरूप’ कल्पिले त्यात झिजणे आणि मोठे होणे धरलेलेच होते. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१३ मध्ये तुरिन सनद स्वीकारली, तिची दिशाही हीच आहे : गाडीच्या अंगावरच्या काळाच्या खुणा आणि झालेल्या दुरुस्त्या हा तिच्या इतिहासाचा भाग माना. अंबॅसडरच्या पेट्रोल इंजिनाच्या जागी मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसवणे वेगळे. आपल्याकडे तेही पुष्कळांनी केले, डिझेल स्वस्त होते म्हणून, आणि त्याला बदल म्हणायला माझी हरकत नाही. पण बोअर, स्लीव्ह, ग्राइंडिंग यांना त्याच तागडीत टाकणे म्हणजे पोथीला लावलेला कागदाचा जोड आणि पोथीत घुसडलेला मजकूर यांना एकच समजणे.

शेवटच्या टप्प्यातले दोन दिवस व्हॉल्व्हवर गेले. खरखरीत लेप लावून, काडीला रबरी चकती अडकवून, ताक घुसळताना रवी फिरवावी तशी दोन्ही तळव्यांत काडी फिरवत व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर घासायचा. बैठक नीट झाली की नाही हे पाहायला वरून रॉकेल ओतायचे. खाली थेंब आला तर पुन्हा घासा. इथे मिस्त्रींनी एक गोष्ट दाखवली जी जुन्या ओव्हरहॉलमध्ये नसे. एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हची बैठक जास्तच खोल गेली होती. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे असे आणि त्याचा पातळ लेप या बैठकीला वाचवी. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, जे माणसांच्या फुप्फुसांसाठी योग्यच झाले, पण जुन्या इंजिनांचे हे संरक्षण गेले. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. ते जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा खाते. मिस्त्रींनी पंपाचा पडदा आणि पेट्रोलची सगळी नळी बदलायला लावली. इंजिनाच्या इतिहासात ही आमच्या काळाची खूण म्हणून राहील.

कार्बोरेटरखालचे पॅकिंग त्यांनी तिथेच कापले. जाड कागद तोंडावर धरून हातोडीच्या गोल टोकाने कडेकडेने टकटक मारत गेले, आणि कागद आपोआप त्या आकारात तुटला. हे करताना मी त्यांचा मुलगा पाहत होतो. तो जळगावला एका शोरूममध्ये स्कॅनर लावून गाड्यांचे दोष काढतो, आणि त्यातही हुशार आहे. त्याने हा कागद कधी कापलेला नाही. नव्या गाडीचे इंजिन उघडायची वेळ आली तर कंपनी अख्खे इंजिनच बदलायला सांगते, असे तो म्हणाला, त्यामुळे शिकायचे कारण नाही. ब्लॉक ज्या दुकानात बोअर झाला तिथेही महिन्यातून फार थोडी पेट्रोल इंजिने येतात. काम चालते ते ट्रॅक्टर आणि बोअरवेलच्या गाड्यांवर.

टॅपेट बसवले, टायमिंग जुळवले, हँडल मारून इंजिन हाताने फिरवून पाहिले. सेल्फने सुरू केले तेव्हा पहिल्या मिनिटाला पांढरा धूर, मग स्वच्छ. पाचशे किलोमीटरपर्यंत चाळीसच्या वर न्यायची नाही असे ठरले, आणि काकांनी मागच्या काचेवर खडूने ‘ऑन टेस्ट’ लिहिले, पूर्वी लिहीत तसे.

‘व्हीए’ नोंदणीचा अर्ज अजून दिलेला नाही. घरात दोन मते आहेत. एक मत, ओव्हरहॉलचा उल्लेखच करू नये. काका म्हणतात, उल्लेख करू आणि जुने पिस्टन सोबत नेऊ. दरम्यान मिस्त्रींनी रॉडच्या टोप्यांवर, ठिपके आणि खाचा यांच्या शेजारी, आपली तिसरी खूण केली आहे, एक छोटी आडवी रेघ. स्लीव्हचा सिलिंडर सोडून बाकी तिघांच्या भिंतींत अजून ०.८ ची जागा शिल्लक आहे, असे त्यांनी मला वहीत लिहून घ्यायला सांगितले.